लिंक्ड ओपन डेटा वापरता येईल असा करायची पोस्टडॉक: दोन वर्षांनंतरचा माझा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते शेवटी सांगते, पण आधीच क्लिअर करते की ही पोस्ट, म्हणजे पीएचडीनंतरची दोन वर्षांची संशोधनाची नोकरी, पुन्हा मिळाली तर मी पुन्हा घेईन, फक्त घ्यायच्या आधी काही प्रश्न विचारीन जे तेव्हा मला सुचलेच नव्हते. हेडफोनचे रिव्ह्यू लोक पानंच्या पानं लिहितात आणि आयुष्यातली दोन वर्षं जिथे द्यायची त्या पोझिशनबद्दल मात्र जाहिरातीतल्या दहा ओळी वाचून ठरवावं लागतं, म्हणून हे लिहायला घेतलं. युनिव्हर्सिटीचं नाव देणार नाही, त्याची गरजही नाही, या विषयातल्या बऱ्याच पोझिशन्सचा साचा सारखाच असतो.

जाहिरातीत होतं ते असं: लिंक्ड ओपन डेटा संशोधकांना वापरता येईल असा करणे, कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी हवी, आरडीएफ (असा डेटा लिहायची पद्धत) आणि स्पार्कल (त्या डेटाला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा) यायला हवं, इतिहास-साहित्यवाल्यांबरोबर काम करायची तयारी हवी. मी वाचून धरून चालले की एक छान इंटरफेस बांधायचाय, सर्च बॉक्स, नकाशा, ग्राफचे गोळे आणि रेषा वगैरे. पहिल्या वर्षात यातलं एकही झालं नाही, आणि आता वाटतं तेच बरं झालं.

ज्यांना लिंक्ड ओपन डेटा हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक गोष्टीला, म्हणजे माणसाला, गावाला, पुस्तकाला, वेबवरचा एक कायमचा पत्ता द्यायचा आणि मग माहिती छोट्या छोट्या तीन शब्दी वाक्यांत लिहायची, की हा माणूस, जन्मस्थान, हे गाव. अशा एका वाक्याला ट्रिपल म्हणतात. आणि त्यातल्या गावाचा पत्ता आपल्याच डेटामधला असायला पाहिजे असं नाही, दुसऱ्या कोणीतरी भलतीकडे ठेवलेला पत्ता वापरता येतो, त्यामुळे दोघांचा डेटा आपोआप जोडला जातो, खरी ताकद तिथे आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये याचे चार नियम लिहिले आणि २०१० मध्ये त्याला पाच स्टारची पट्टी जोडली: ओपन लायसन्सने वेबवर टाकला तर एक स्टार, मशीनला वाचता येईल अशा रचनेत असेल तर दोन, फॉरमॅट कुठल्या एका कंपनीच्या ताब्यातला नसेल तर तीन, गोष्टींना पत्ते दिले तर चार, आणि दुसऱ्यांच्या डेटाला जोडला तर पाच. ही पट्टी नीट बघा. त्यात 'परक्या माणसाला तो वापरता आला' याला स्टारच नाही. पाचही स्टार देणाऱ्याने काय केलं त्याचे आहेत, घेणाऱ्याला काय मिळालं त्याचा एकही नाही. ही गोष्ट मला नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात कळली आणि पुढचं सगळं काम त्याच एका फटीत झालं.

प्रोजेक्टचा डेटा होता जुन्या पत्रव्यवहाराचा. कोणी कोणाला, कुठून, कधी पत्र लिहिलं. माणसं व्हायफ (लायब्रऱ्यांची नावांची सामायिक यादी) आणि विकिडेटाला (विकिपीडियाच्या परिवारातला खुला डेटाबेस) जोडलेली, गावं जिओनेम्सला (ठिकाणांच्या नावांची यादी) जोडलेली, लायसन्स ओपन, म्हणजे कागदावर पाच स्टार. आणि स्पार्कलचा एंडपॉइंट, म्हणजे ज्या पत्त्यावर क्वेरी पाठवली की उत्तर येतं तो दरवाजा, तोही चालू होता. पहिली युजर म्हणजे पत्रव्यवहारावर आयुष्यभर काम केलेल्या एक ज्येष्ठ इतिहासकार. मी त्यांना क्वेरी एडिटर उघडून दिला, दोन उदाहरणं चालवून दाखवली, आणि त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे, पण यात आहे काय नेमकं?"

मला वाटलं साधा प्रश्न आहे, सांगून टाकू. किती ट्रिपल्स आहेत ते सांगितलं, कुठली व्होकॅब्युलरी, म्हणजे नात्यांच्या ठरलेल्या नावांची यादी, वापरलीय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तसं नाही हो. समजा मी एका माणसाची पत्रं शोधली आणि मिळाली नाहीत, तर त्याने लिहिलीच नाहीत, का तुमच्याकडे आली नाहीत, का मी चुकीचं विचारलं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, प्रोजेक्टमध्ये कोणाकडेच नव्हतं. लायब्ररीचा कॅटलॉग असता तर निदान मागच्या बाजूला एक माणूस असतो ज्याला विचारता येतं. इथे समोर येतं एक रिकामं टेबल, आणि रिकामं टेबल काहीच बोलत नाही.

या रिकाम्या टेबलावर मी पहिले सहा महिने घालवले आणि माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. स्पार्कल क्वेरीतून शून्य ओळी आल्या तर त्याचा अर्थ काय काय होऊ शकतो बघा. एक, खरंच तसं काही नाही. दोन, असेल पण डेटामध्ये नोंदलेलं नाही, कारण आरडीएफ 'ओपन वर्ल्ड' धरून चालतं, लिहिलेलं नाही म्हणजे खोटं असं तिथे मानतच नाहीत. तीन, तुम्ही प्रॉपर्टी, म्हणजे ट्रिपलमधला 'जन्मस्थान'सारखा मधला शब्द, चुकीची घेतली, आणि स्पार्कलला याचं काही वाटत नाही, जगात कुठेच नसलेली प्रॉपर्टी विचारा, एरर येणार नाही, शांतपणे शून्य ओळी येतील. चार, नावाच्या मागे भाषेचा टॅग (हे नाव मराठीतलं, हे इंग्रजीतलं अशी खूण) आहे आणि तुम्ही नुसतं नाव लिहिलं, मग अक्षर न अक्षर सारखं असूनही जुळणार नाही, कारण टॅग असलेलं नाव आणि टॅग नसलेलं नाव या त्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या किमती. पाच, पत्त्यात एचटीटीपी आणि एचटीटीपीएसचा फरक, डोळ्याला दिसतही नाही. पाचही वेळा स्क्रीनवर दिसतं ते एकच. बाकी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली की निदान लाल अक्षरं येतात. इथे चुकीचा प्रश्न आणि खरं 'नाही' हे दोन्ही अगदी एकसारखे दिसतात, आणि ज्या इतिहासकाराला या उत्तरावर पेपर लिहायचाय तिने यातलं काय धरायचं?

आम्ही शेवटी जे बांधलं ते अगदी साधं. क्वेरी शून्य ओळी देते तेव्हा मागे एक छोटा प्रोग्रॅम तिच्या एकेक अटी काढून बघतो आणि सांगतो की अमुक अट काढली तर ४० ओळी येतात, तमुक प्रॉपर्टी या डेटामध्ये एकदाही वापरलेली नाही, जवळची ही आहे. दुसरं, प्रत्येक प्रॉपर्टीसमोर ती किती जणांसाठी भरलेली आहे ते दाखवायचं, म्हणजे पत्र लिहिणाऱ्यांपैकी किती जणांची जन्मतारीख आहे, किती जणांची नाही. नुसती एक आडवी पट्टी. ग्राफचे गोळे-रेषा बघून युजर्सनी "छान आहे" म्हटलं आणि पुन्हा कधी उघडलं नाही, पण ही पट्टी लोक रोज बघायचे. (व्हॉइड नावाची डब्ल्यूथ्रीसीची, म्हणजे वेबची स्टँडर्ड्स ठरवणाऱ्या संस्थेची, व्होकॅब्युलरी २०११ पासून आहे, डेटासेटमध्ये काय आणि किती आहे हे सांगण्यासाठीच, म्हणजे कल्पना नवीन अजिबात नाही, प्रकाशित करणारे ती भरत नाहीत एवढंच.)

बरं, ओळी आल्या म्हणजे सुटलो असंही नाही. दुसरी अडचण आकड्यांची. समजा तुम्ही माणसं मागितली, त्यांचे व्यवसाय आणि नागरिकत्वं मागितली. एका माणसाचे तीन व्यवसाय आणि दोन नागरिकत्वं असतील तर तो सहा ओळींत येतो, कारण स्पार्कल सगळ्या जोड्या करून देतं. टेबल सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुराच्या टेबल फाइलमध्ये) उतरवून स्प्रेडशीटमध्ये मोजलं की एका माणसाची सहा माणसं. आमच्याबरोबरच्या एका पीएचडी विद्यार्थ्याने असाच एक चार्ट काढला होता, दिसायला सुंदर, आणि सेमिनारमध्ये दाखवायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं की ज्यांची माहिती जास्त भरलेली तेच लोक फुगून मोठे दिसतायत, म्हणजे प्रसिद्ध लोक आणखी प्रसिद्ध. त्याची यात काहीच चूक नव्हती. टेबल बघितल्यावर एक ओळ म्हणजे एक माणूस असंच कोणीही समजणार.

तिसरी, तारखांची. ही चूक माझी स्वतःची. पत्र लिहिताना माणसाचं वय किती होतं ते काढायचं होतं, मी विकिडेटावरून जन्मतारखा आणल्या, वयं काढली, आणि त्या ज्येष्ठ बाईंनी यादीवरून नुसती नजर फिरवून विचारलं की इतकी माणसं एक जानेवारीलाच कशी जन्मली? झालं असं होतं की विकिडेटामध्ये तारखेबरोबर तिची प्रिसिजन वेगळी ठेवलेली असते, नुसतं वर्ष माहीत असेल तर तिथे ९ हा आकडा असतो, पूर्ण दिवस माहीत असेल तर ११. पण क्वेरीमध्ये तारीख सोप्या रस्त्याने मागितली तर ही प्रिसिजन बरोबर येत नाही आणि नुसतं वर्ष हे त्या वर्षाची १ जानेवारी बनून येतं. डेटा बरोबरच होता, सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलंही आहे. पण सोपा रस्ता आणि बरोबर रस्ता वेगळे असले की दहातले नऊ जण सोप्या रस्त्यानेच जाणार, मीही गेले, आणि मी तर या विषयात पीएचडी केलेली. तेव्हापासून मी 'युजरने डॉक्युमेंटेशन वाचायला हवं होतं' हे वाक्य वापरणं बंद केलं.

मॉडेलिंगचं पण सांगायला हवं. म्युझियम आणि वारसा क्षेत्रात सिडॉक सीआरएम नावाचं मॉडेल चालतं, ते आयएसओ स्टँडर्डही आहे, आणि ते घटनांवर उभं आहे. त्यात माणसाला थेट जन्मतारीख नसते. माणूस, त्याला जगात आणणारी जन्म ही घटना, त्या घटनेचा काळ, आणि त्या काळाची तारीख, एवढ्या पायऱ्या चढल्या की तारीख हाताला लागते. विकिडेटामध्ये तेच एका उडीत, पी५६९, म्हणजे जन्मतारीख ही प्रॉपर्टी. मी सुरुवातीला सीआरएमवर चिडायचे, नंतर मत बदललं. कारण इतिहासात एकाच जन्माबद्दल दोन कागद दोन गोष्टी सांगतात आणि तेव्हा घटना वेगळी काढून ठेवलेली असली की दोन्ही कागद आपापल्या जागी नीट बसतात. म्हणजे अवघड मॉडेल वाईट आणि सोपं चांगलं असं नाहीये, प्रश्न एवढाच की रोज वापरणाऱ्याला त्या पायऱ्या दर वेळी चढायला का लावायच्या. आम्ही खाली सीआरएम तसंच ठेवलं आणि वर सपाट शॉर्टकट प्रॉपर्टीज तयार करून दिल्या, जिथे मतभेद आहेत तिथे शॉर्टकटवर एक खूण. मला विचाराल तर दोन वर्षांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं काम हेच, आणि पेपरमध्ये त्याला एक परिच्छेद मिळाला.

आता सेमअ‍ॅज. दोन डेटासेटमधली एकच गोष्ट आहे असं सांगायला ओडब्ल्यूएल या वेबवरच्या तर्काच्या भाषेतली ही प्रॉपर्टी सर्रास वापरतात. हिचा औपचारिक अर्थ फार कडक आहे, या दोन पत्त्यांमागे एकच वस्तू, म्हणून एकाबद्दल जे खरं ते सगळं दुसऱ्याबद्दल खरं. आणि ते पुढे पुढे सरकतं, अ म्हणजे ब, ब म्हणजे क, की अ म्हणजे क. लोक मात्र 'साधारण तेच' अशा अर्थाने लिहून मोकळे होतात, शहर आणि त्या शहराची महापालिका, पुस्तक आणि त्या पुस्तकाची एक आवृत्ती. काही वर्षांपूर्वी संशोधकांनी वेबवरून ५५ कोटींहून जास्त सेमअ‍ॅज वाक्यं गोळा करून त्यांची साखळी शेवटपर्यंत ओढली तर सगळ्यात मोठ्या गटात पावणेदोन लाखांवर नावं निघाली, त्यात आइनस्टाइन, वेगवेगळे देश आणि चक्क एक रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर), म्हणजे तर्काने हे सगळं एकच. हे ऐकल्यावर आम्ही आमच्याही लिंक्स तपासायला घेतल्या. एकाच नावाचे बाप-लेक एका पत्त्याला जोडलेले सापडले, लेकाच्या पत्रांना बापाचं वय लागलेलं. ते कुठल्याही अल्गोरिदमने पकडलं नाही, पत्रातला मायना वाचणाऱ्या माणसाने पकडलं. त्यानंतर आम्ही जिथे खात्री नाही तिथे स्कॉस या दुसऱ्या व्होकॅब्युलरीमधलं क्लोजमॅच, म्हणजे 'जवळपास तेच', वापरायला लागलो, आणि प्रत्येक लिंकबरोबर ती कोणी जोडली, मशीनने का माणसाने, आणि कधी, हे ठेवायला लागलो. काम दुप्पट झालं. पण नंतर युजर्स सगळ्यात आधी तोच कॉलम बघायचे.

टूल्सबद्दल थोडं, कारण या नोकरीत दिवसभर हातात तीच असतात. ओपनरिफाइनला माझे पाच स्टार. २०१० मध्ये फ्रीबेस ग्रिडवर्क्स म्हणून सुरू झालं, मग गूगल रिफाइन, आणि २०१२ पासून कम्युनिटीचं ओपनरिफाइन. गोंधळलेल्या स्प्रेडशीटमधली नावं विकिडेटासारख्या ठिकाणच्या पत्त्यांशी जुळवून देतं आणि मुख्य म्हणजे शंका असेल तिथे तुम्हाला विचारतं, परस्पर ठरवत नाही. कोडिंग न येणारी माणसं एका दुपारी शिकली. फ्रीबेस हा खुला डेटाबेस २०१६ मध्ये बंद झाला पण त्यातून निघालेलं हे टूल अजून रोज कामाला येतंय, मला याचं फार बरं वाटतं. यासगुई हा स्पार्कल एडिटर चांगला आहे, चुकीचा कंस लगेच दाखवतो. विकिडेटाची क्वेरी सर्व्हिस शिकायला सगळ्यात उत्तम जागा, तयार उदाहरणांचा ढीग आहे आणि पी-क्यू नंबरांवर (प्रॉपर्टी आणि वस्तूंच्या क्रमांकांवर) माउस नेला की त्याचं नाव दिसतं, एवढ्या एका गोष्टीने नवीन माणसाची भीती निम्मी जाते. क्वेरी ६० सेकंदांत संपली नाही तर थांबवली जाते, ती मर्यादा आधीच माहीत असू द्या, आणि २०२५ मध्ये शोधनिबंधांचा भाग वेगळ्या ग्राफमध्ये गेल्यामुळे जुन्या ट्युटोरियलमधल्या काही क्वेरी आता जशाच्या तशा चालत नाहीत. शॅकल, म्हणजे डेटाचा आकार तपासायचं २०१७ चं स्टँडर्ड, हे युजरसाठी नाही पण डेटा भरणाऱ्यांसाठी लावाच, निम्म्या तक्रारी आधीच अडतात. जीआरएलसी, उच्चार गार्लिक, तयार क्वेरीला साधी वेब एपीआय, म्हणजे एक पत्ता उघडला की उत्तर येतं अशी सोय, बनवून देतं. ज्यांना स्पार्कल शिकायचंच नाही, आणि त्यांनी का शिकावं, त्यांच्यासाठी आम्ही वीसेक क्वेरी अशा करून दिल्या आणि रोजचं बरंचसं काम त्यावरच भागलं.

भाषा मॉडेलला सांगितलं की तेच क्वेरी लिहून देतं, मग हे सगळं कशाला, हा प्रश्न दुसऱ्या वर्षात प्रत्येक मीटिंगमध्ये आला. आम्ही करून बघितलं. क्वेरीचा सांगाडा बऱ्याचदा अगदी नीट येतो, आणि मग प्रॉपर्टीचा नंबर भलताच असतो, आणि उत्तर काय येतं? शून्य ओळी. परत तेच रिकामं टेबल. म्हणजे मॉडेल आल्यामुळे 'यात काय आहे' हा प्रश्न गेला नाही, उलट आधी क्वेरी लिहिताना माणूस निदान अडखळायचा आणि शंका घ्यायचा, ती शंका घ्यायची जागाच गेली. मॉडेलला आमच्या भरलेपणाच्या पट्ट्या आणि खऱ्या प्रॉपर्टीजची यादी बरोबर दिली तेव्हा मात्र खूप सुधारणा झाली, म्हणून त्याच्या विरोधात नाहीये मी, पण आधीचं काम टाळता येत नाही.

आता पोझिशन म्हणून कशी. गाइड चांगले होते, स्वातंत्र्य दिलं, शिकवायचा बोजा टाकला नाही. अडचण अशी की ही पोस्ट दोन विभागांच्या मध्ये असते. कॉम्प्युटरवाल्यांना वाटतं यात नवीन अल्गोरिदम कुठाय, इतिहासवाल्यांना वाटतं ही आपली टेक्निकल सपोर्ट, प्रिंटरसुद्धा विचारतात. शॉर्टकट प्रॉपर्टीज करणं, लिंक्स तपासणं, युजरशेजारी बसून ती कुठे थांबते ते बघणं, याला वेळ भरपूर लागतो आणि सीव्हीवर एक ओळही येत नाही. युजर स्टडीला एथिक्सची परवानगी लागते, ती यायला आमच्याकडे चार महिने गेले, दोन वर्षांतले चार, त्यामुळे जॉइन झाल्या दिवशी तो अर्ज भरा, स्टडीत काय विचारायचं ते अर्धवट ठरलेलं असलं तरी. आणि रिव्ह्यूअर विचारतात युजर एवढे कमी का. आठ इतिहासकारांबरोबर प्रत्येकी अनेक दुपारी बसल्यावर जे कळलं ते शंभर जणांच्या ऑनलाइन फॉर्ममधून कळलं नसतं याची मला खात्री आहे, पण ते पटवून द्यायला दोनदा पेपर परत आला. तिसऱ्या ठिकाणी लागला.

हे काम कोणी घ्यावं? ज्याला दुसऱ्याच्या विषयात खरोखर रस वाटतो त्याने. मी पत्रव्यवहाराचा इतिहास शून्यापासून वाचला, तारखांच्या दोन पंचांगांमुळे एकच दिवस दोन तारखांनी कसा लिहिला जातो ते शिकले, लिफाफ्यावरच्या खुणा शिकले, आणि त्याशिवाय डेटामधलं काय चुकलंय ते दिसलंच नसतं. फक्त स्पार्कल वेगवान करण्यात मजा येत असेल तर या पोस्टवर वैतागाल, त्यासाठी वेगळ्या चांगल्या पोस्ट्स आहेत.

इंटरव्ह्यूमध्ये तुम्हालाही प्रश्न विचारायची संधी देतात, तेव्हा हे विचारा: युजर कोण आहेत, त्यांची नावं सांगता येतील का, त्यांच्यापैकी कोणाचा वेळ प्रोजेक्टमध्ये अधिकृत धरलाय का. 'संशोधक समुदाय' असं उत्तर आलं तर समजा की अजून कोणीच नाही आणि पहिलं अर्धं वर्ष माणसं शोधण्यात जाणार. डेटा कोण दुरुस्त करू शकतं ते विचारा, कारण युजरने चूक दाखवली आणि ती दुरुस्त व्हायला कोणाचीच परवानगी नसली तर तो युजर पुन्हा चूक दाखवत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे संपल्यावर सर्व्हर कोण चालवणार. 'नंतर बघू' हे उत्तर असेल तर ते लिहून घ्या.

कापलेला स्टार त्यासाठीच आहे. २०१३ च्या एका अभ्यासात ४२७ सार्वजनिक स्पार्कल एंडपॉइंट्स तपासले होते, महिनाभर ९९ टक्क्यांवर चालू राहतील असं ज्यांच्याबद्दल म्हणता येईल ते जेमतेम एक तृतीयांश निघाले. मी जॉइन होतानाच हा पेपर वाचला होता आणि तरी आमचं वेगळं होईल असं धरून चालले. प्रोजेक्टच्या बजेटमध्ये एंडपॉइंटसाठी शेवटच्या दिवसापर्यंतचेच पैसे होते. हे लक्षात आलं तेव्हा पाच महिने उरले होते, म्हणून आम्ही नवीन फीचर्स बंद केले आणि सगळा डेटा फाइल्समध्ये काढला, एक आरडीएफचा डंप आणि त्याच्याबरोबर साध्या सीएसव्ही, एक ओळ म्हणजे एक पत्र, एक ओळ म्हणजे एक माणूस, वर त्या डंपची तारीख आणि प्रत्येक कॉलम किती भरलाय तो आकडा. पत्ते डब्ल्यूथ्रीआयडी या कायमचे पत्ते देणाऱ्या सेवेवरून फिरवले म्हणजे उद्या जागा बदलली तरी पत्ते तेच राहतील. टीममधल्या काही जणांना हे मागे जाणं वाटलं, पाच स्टारवरून तीन स्टारवर उतरल्यासारखं. मला तसं वाटलं नाही, पण वाद बराच झाला.

माझा करार संपून काही महिने झाल्यावर त्या ज्येष्ठ बाईंचा मेल आला. क्वेरीचं पान आता उघडत नाहीये, एंडपॉइंट बंद झालेला दिसतोय, पण मी फाइल्स उतरवून घेतल्या आहेत आणि त्यावरच लेख पूर्ण करतेय, तळटीपेत आकडे कुठल्या तारखेचे म्हणून लिहू? मी उत्तर दिलं, पत्रांच्या फाइलच्या पहिल्याच ओळीत आहे ती तारीख, आणि बाजूच्या आकड्यावरून किती पत्रांना ठिकाण नाही तेही लिहा. त्यांनी दोन्ही लिहिलं.